केनिया की टांझानिया? मोजक्या सुट्टीत सफारीचा मार्ग ठरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून पहिल्यांदा आफ्रिकन सफारीला निघणारे बहुतेक जण केनियाला किंवा उत्तर टांझानियाला जातात, म्हणून हे पान मुख्यतः त्या दोन देशांपुरतं आहे. शुल्क आणि नियम बदलत असतात. पैसे भरण्यापूर्वी आकडे एकदा ताजे करून घ्या.

रजा धरून एकूण नऊ दिवस आहेत. प्रत्यक्ष सफारी किती दिवस होईल?

सोमवार ते शुक्रवार रजा आणि दोन्ही टोकांचे शनिवार-रविवार, असे हे नऊ दिवस. मुंबई-नैरोबी थेट विमान सुमारे सहा तासांत पोहोचतं आणि घड्याळ अडीच तास मागे जातं. तरी पहिला आणि शेवटचा दिवस विमानतळ, सामान आणि नैरोबीच्या ट्रॅफिकमध्येच संपतो. सोमवारी ऑफिस गाठायचं असेल तर परतीचा रविवारही घरासाठी सोडा. हातात उरतात सहा दिवस. उत्तर टांझानियासाठी किलिमांजारो विमानतळ सोयीचा, पण तिथे नैरोबी, अदिस अबाबा किंवा दोहाला विमान बदलून जावं लागतं. त्यात आणखी अर्धा दिवस जातो.

आता या सहा दिवसांचा हिशेब रात्रींमध्ये करा. एका ठिकाणी एक रात्र म्हणजे दुपारी पोहोचायचं, संध्याकाळी एक फेरी मारायची आणि सकाळी पुन्हा बॅगा भरायच्या. दोन रात्री राहिलात तर मधला एक दिवस अख्खा जंगलाचा मिळतो, तीन राहिलात तर दोन. सहा दिवसांत पाच उद्यानं दाखवणारा कार्यक्रम तुम्हाला महामार्ग मात्र उत्तम दाखवतो. माझा साधा नियम असा: नऊ दिवसांच्या सुट्टीत दोन ठिकाणं, फार तर तीन, आणि त्यातल्या एका ठिकाणी सलग तीन रात्री.

मग केनिया की टांझानिया?

पहिलीच सफारी, वेळ कमी आणि बरोबर सगळ्या वयाची माणसं असतील तर केनिया. थेट विमान आहे, अंतरं त्या मानाने आटोक्यात आहेत आणि मसाई मारा लहान जागेत खूप काही दाखवतं. मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या एकूण क्षेत्राहून थोडं लहानच. सिंह, चित्ता, हत्ती, जिराफ, पाणघोडे, तरस हे सगळे वर्षभर तिथेच राहणारे. मायग्रेशन, म्हणजे वाइल्डबीस्ट या चरणाऱ्या प्राण्यांच्या प्रचंड कळपांचं दरवर्षीचं स्थलांतर, नसलं तरी मारा रिकामं पडत नाही.

टांझानियाचं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढं आहे, १४,७६३ चौरस किलोमीटर. ते विस्तीर्णपण हाच त्याचा मोठेपणा आणि कमी वेळ असलेल्यांसाठी हीच अडचण. फेब्रुवारीत हे कळप दक्षिणेला एनडुटूकडे असतात, ऑगस्टमध्ये उत्तरेला कोगाटेंडेकडे. चुकीच्या टोकाला मुक्काम घेतला तर अख्खा दिवस गाडीत जातो. पण सेरेंगेटीच्या जोडीला एनगोरोंगोरोचं ज्वालामुखीचं विवर आणि तारांगिरे उद्यान येतं, आणि दहा-अकरा दिवस असतील तर उत्तर टांझानियाइतका भरगच्च मार्ग दुसरा नाही. विवर पाहायचंच, अशी मनात गाठ असेल तर सरळ टांझानिया घ्या, केनिया पुढच्या वेळी.

मारा आणि सेरेंगेटी नकाशावर लागूनच आहेत. दोन्ही एका फेरीत का नाही?

प्राण्यांना जमतं, आपल्याला नाही. दोन्ही एकाच सलग माळाचे भाग आहेत, पण माऱ्यातून थेट सेरेंगेटीत पर्यटकांना जाता येत नाही. पश्चिमेला इसेबानियाच्या सीमेवरून वळसा घालावा लागतो किंवा पूर्वेला नामांगामार्गे. कुठूनही गेलात तरी दिवस गेला, आणि सीमेवर बहुतेकदा गाडी व ड्रायव्हर दोन्ही बदलतात. शिवाय टांझानियाचा व्हिसा वेगळा. पूर्व आफ्रिकेचा जो एकत्रित पर्यटक व्हिसा आहे तो केनिया, युगांडा आणि रवांडाचा. टांझानिया त्यात नाही.

दहा दिवसांच्या आत हा जोडमार्ग घेऊ नका. दोन्ही देशांचे शिक्के पासपोर्टवर पडतील, एवढंच.

मुलांच्या शाळा आहेत. मे, दिवाळी की नाताळ?

खरी पंचाईत इथेच आहे, कारण आपली सुट्टी आणि तिकडचा पाऊस यांचं जमत नाही. मार्चअखेरपासून मेपर्यंत तिकडे मोठा पाऊस. काही कॅम्प या दिवसांत बंदच असतात, काळी माती निसरडी होते आणि गाड्या रुततात. दर मात्र उतरलेले असतात, गर्दी नसते आणि हिरवळ डोळ्यांत मावत नाही. मेच्या शेवटी निघणार असाल तर केनिया चालेल, पण रस्त्याऐवजी आतल्या विमानाने जा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात मी तरी पूर्व आफ्रिका सुचवत नाही. त्या दिवसांसाठी खाली दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानाचा प्रश्न पाहा.

दिवाळी पंचांगावर अवलंबून. ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर उत्तम, कळप माऱ्यात असण्याची बरीच शक्यता असते. नोव्हेंबरात आली तर छोटा पाऊस सुरू झालेला असतो आणि कळप दक्षिणेला निघालेले असतात. तरी छोटा पाऊस म्हणजे बहुधा दुपारची एखादी सर; सफारी बुडत नाही.

नाताळात हवा चांगली असते, दर चढे असतात आणि आरक्षण वेळेत केलं नाही तर हवं ते मिळत नाही. जुलै ते सप्टेंबर हा माऱ्याचा सर्वोत्तम काळ नेमका आपल्या शाळा जोरात चालू असतानाचा. त्यातून मधे गणपती. घरचा गणपती सोडून कोण निघणार? ज्यांच्याकडे दीड दिवसांचा असतो ते विसर्जन करून सुटतात.

मुलांची शाळा आड येत नसेल त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीचा विचार जरूर करावा. त्या वेळी दक्षिण सेरेंगेटीत वाइल्डबीस्टची वीण असते. दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात आणि त्यांच्या मागे सिंह, चित्ते, तरस सगळे असतात. नदी ओलांडण्याचा थरार त्यात नाही, पण सलग पाहायला मिळतं ते त्याहून जास्त.

नदी ओलांडताना वाइल्डबीस्ट दिसतीलच ना?

याची खात्री कोणी देत असेल तर त्याच्याकडून बुकिंग करू नका.

साधारण जुलै ते ऑक्टोबर कळप मारा नदीच्या आसपास असतात आणि पाऊस पडेल तिकडे ये-जा करतात. एकच दिवस ठरवून एकदाच ओलांडतात असं नाही. प्रत्यक्षात काय घडतं पाहा. काठावर गाड्या लागलेल्या असतात, इंजिनं बंद. पलीकडे धुळीत हजारो जनावरं गोळा होतात. पुढचे चार-पाच जण उतारावरून खाली येतात, एखादा झेब्रा पाण्याला तोंड लावतो, कुठेतरी पाणघोडा फुरफुरतो आणि सगळा घोळका मागे पळतो. तासाने पुन्हा तेच. कधी तीन तास थांबून काही होत नाही, कधी तुम्ही डबा उघडता आणि पहिला उडी मारतो. मग मात्र वीस मिनिटं कोणी कोणाशी बोलत नाही.

यासाठी लागतात ते सुटे दिवस. माऱ्यात तीन रात्री असतील तर एक अख्खा दिवस नदीवर घालवता येतो. एकच रात्र असेल तर नदीचं नाव काढू नका, सिंह-चित्ते शोधा. आणि हे दृश्य टांझानियाच्या बाजूलाही दिसतं: कोगाटेंडेला तीच नदी आहे, त्याच महिन्यांत, बऱ्याचदा गाड्या कमी.

केनियात माऱ्याच्या जोडीला दुसरं ठिकाण कोणतं: आम्बोसेली की नाकुरू?

वाट आणि वेळ पाहिली तर नाकुरू तळ्याचं उद्यान सोपं. नैरोबीपासून सुमारे १६० किलोमीटर, आणि तिथून पाच-सहा तासांत मारा. गेंडा पाहायचा असेल तर नाकुरूच. पांढरा आणि काळा दोन्ही आहेत, आणि माऱ्यात गेंडे मोजकेच असल्याने तिथे ती उणीव राहून जाते. मात्र जुन्या फोटोंतली फ्लेमिंगोंची गुलाबी किनार डोक्यात धरून जाऊ नका. गेल्या दशकभरात तळ्याचं पाणी खूप वाढलं आणि बरेच पक्षी बोगोरियासारख्या दुसऱ्या तळ्यांकडे गेले.

आम्बोसेली म्हणजे हत्ती, आणि मागे ५,८९५ मीटरचा किलिमांजारो. तिथल्या हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास १९७२ पासून सलग चालू आहे. जवळून गाडी गेली तरी ते मान वळवत नाहीत. डोंगर साधारण पहाटे आणि संध्याकाळी उघडा पडतो, दिवसा ढगांत असतो. म्हणून इथे एक रात्र हा निव्वळ जुगार, दोन रात्री हव्यातच. अडचण पुढची. आम्बोसेलीहून माऱ्याला रस्त्याने जायचं तर नैरोबीवरून वळून पूर्ण दिवस मोडतो. ती मजल विमानाने करणार असाल तरच हा मार्ग घ्या.

माझ्या मते नऊ दिवसांत सगळ्यांत चांगला कार्यक्रम: आम्बोसेली दोन रात्री, विमानाने मारा तीन रात्री, शेवटची रात्र नैरोबी. विमानाचे पैसे नको वाटत असतील तर नाकुरू एक रात्र आणि मारा तीन. नाकुरू लहान आहे, तिथे माझा दोन रात्रींचा नियम मोडला तरी चालतो.

टांझानियात सहा-सात दिवसांत काय बसवावं?

अरुशा शहरातून निघून वाटेत दिवसभर तारांगिरे, रात्री विवराजवळच्या करातू गावी. दुसऱ्या दिवशी एनगोरोंगोरो विवर, पुन्हा करातूलाच मुक्काम. मग सेरेंगेटीत तीन रात्री आणि तिथल्या सेरोनेराच्या धावपट्टीवरून विमानाने परत अरुशा. या क्रमात बॅगा दोनदाच बांधाव्या लागतात. तारांगिरे कोरड्या दिवसांत, जून ते ऑक्टोबर, फारच सुंदर: नदीवर हत्तींचे कळप आणि माळावर गोरखचिंचेची प्रचंड झाडं. आपल्याकडे वसई-मुंबईत एकटीदुकटी दिसणारी गोरखचिंच तिथे रांगेने उभी असते. लेक मन्यारा वेळ कमी असेल तर गाळा. झाडावर चढणारे सिंह हे त्याचं आकर्षण सांगतात, पण ते सिंह आपल्या वेळापत्रकाने चढत नाहीत.

एनगोरोंगोरोला एक दिवस पुरतो का?

पुरतो. विवराचा तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, कडा जवळपास ६०० मीटर उंच. पहाटे गेट उघडताच खाली उतरलात तर दुपारपर्यंत बरंच पाहून होतं. काळा गेंडा दिसण्याची संधी इथे चांगली असते, बहुधा लांबून, म्हणून दुर्बीण न्याच. जिराफ शोधत बसू नका, ते खाली उतरत नाहीत. हत्ती दिसतात ते बहुतेक म्हातारे नर. दुपारचं जेवण एनगोइटोकिटोकच्या तळ्याकाठी करतात. तिथे डबा गाडीत बसूनच खा, घारी हातातलं सँडविच सफाईने उचलतात.

कडेवरच्या लॉजमध्ये राहायचं की खाली करातूत? कडेवर दृश्य आहे, पण दर दुप्पट-तिप्पट वाटावेत असे. आपण दिवसभर विवरातच असणार, तेव्हा करातू पुरे.

रस्त्याने की विमानाने?

नैरोबीहून माऱ्याच्या सेकेनानी गेटपर्यंत साधारण २७० किलोमीटर, पाच ते सहा तास. आता गेटपर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यामुळे पूर्वीसारखी हाडं खिळखिळी होत नाहीत. वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा दिसतो. जाताना हा रस्ता एकदा पाहण्यासारखा आहे, परत येताना तोच पुन्हा पाहण्यात काही राम नाही. म्हणून मध्यममार्ग: जाताना गाडी, येताना विमान. माऱ्याहून नैरोबीच्या विल्सन विमानतळाला पाऊण-एक तास लागतो. सेरेंगेटीत तर हा मार्ग जवळपास हवाच, कारण सेरोनेरा ते अरुशा गाडीने सात-आठ तास जातात. शिवाय परतताना एनगोरोंगोरो संवर्धन क्षेत्रातून जावं लागतं आणि तिथलं प्रवेशशुल्क पुन्हा पडतं. विमानाच्या तिकिटाची थोडी भरपाई तिथेच होते.

छोट्या विमानांना सामानाची मर्यादा साधारण १५ किलो, हातातल्या पिशवीसकट, आणि बॅग मऊ हवी. कडक ट्रॉली बॅग नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जा. आंतरराष्ट्रीय विमान दुसऱ्या विमानतळावरून सुटतं हे विसरू नका; दोन विमानांत किमान चार-पाच तास असू द्या.

प्रवेशशुल्काचं एवढं काय? पॅकेजमध्ये असतंच की.

असतं, पण मार्ग ठरतो तो बऱ्याचदा त्यावरच. २०२४ पासून मारा राखीव क्षेत्राचं शुल्क परदेशी प्रौढासाठी जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, माणशी, रोजचं. म्हणजे ऑगस्टमध्ये नवरा-बायकोचे तीन दिवसांचे १,२०० डॉलर फक्त गेटवर. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ चालतं. शेवटच्या दिवशी आत मुक्काम असेल तर सकाळी १० पर्यंत बाहेर पडायचं, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे. स्वस्त पॅकेजमध्ये मुक्काम बहुतेकदा गेटबाहेर असतो आणि आत जायचे दिवस मोजलेले असतात. म्हणून विचारा: आत किती दिवस, किती तास?

एनगोरोंगोरोत माणशी शुल्काशिवाय विवरात उतरण्याचे प्रत्येक गाडीमागे सुमारे २९५ डॉलर लागतात. दोघांना ते जड जातं, सहा जणांना जाणवत नाही. तेव्हा टांझानियाला जायचं तर चार-सहा जण जमवा.

कन्झर्व्हन्सी म्हणजे काय? राखीव क्षेत्र सोडून तिथे राहावं का?

माऱ्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई लोकांच्या जमिनी भाड्याने घेऊन केलेली संरक्षित क्षेत्रं आहेत: मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोईशो वगैरे. तिथे गाड्यांची संख्या मर्यादित असते. राखीव क्षेत्रात चालत नाहीत त्या गोष्टी, म्हणजे रात्रीची फेरी, पायी फिरणं, वाट सोडून गाडी नेणं, तिथे करता येतात. महाग आहे. पण बजेट असेल तर कमी दिवसांत जास्त पाहायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. नदी पाहायची असेल तर एक दिवस राखीव क्षेत्रात जायचं शुल्क वेगळं धरा.

राखीव क्षेत्रातच राहणार असाल तर नदीच्या पश्चिमेचा मारा ट्रँगल पाहा. तिथली व्यवस्था वेगळी आहे आणि प्राणी शिकार करत असतील तिथे एका वेळी किती गाड्या थांबाव्यात याबद्दल ते कडक असतात.

ग्रुप टूर घ्यावी की स्वतंत्र गाडी?

घरचे चार-सहा जण असाल तर स्वतंत्र लँड क्रूझर, बिनदिक्कत. कुणाला पक्षी पाहायचे असतात, कुणाला फक्त सिंह; अनोळखी माणसांबरोबर ही ओढाताण तीन दिवसांत असह्य होते. दोघेच असाल तर ग्रुप टूर स्वस्त पडते, जेवणाची काळजी मिटते आणि आई-बाबांना मराठी बोलणारं माणूस बरोबर मिळतं. फक्त दोन गोष्टी लेखी घ्या: एका गाडीत किती माणसं, आणि प्रत्येकाला खिडकी आहे की नाही.

ताडोबा, कान्हा पाहून झालंय. वेगळं काय?

आपल्याकडे तीन-चार तासांची पाळी संपली की जिप्सी गेटकडे पळते. तिकडे डबा घेऊन पहाटे निघून संध्याकाळी परतता येतं. गर्दी नसेल तर एका सिंहिणीपाशी दोन तास बसलात तरी कोणी हटकत नाही. उघड्या माळामुळे प्राणी लांबूनच दिसतो आणि पुढे काय होतं तेही पाहता येतं: चित्ता वारूळावर चढतो, टेहळणी करतो, उतरतो, चालायला लागतो. म्हणूनच घाईचा कार्यक्रम आखला तर आफ्रिकेला जाण्यात हशील काय?

आई-बाबा सत्तरीचे आहेत आणि मुलगी सहा वर्षांची. झेपेल?

झेपेल, दोनच ठिकाणं आणि लांबची मजल विमानाने असेल तर. बसून बसून पाठ धरते आणि स्वच्छतागृहं मोजकीच असतात, हेच खरे त्रास. पाठीला छोटी उशी न्या. लहान मुलांना काही कॅम्प आणि पायी सफारी घेत नाहीत, आधी विचारा.

शाकाहारी, जैन जेवण?

मिळतं. गुजराती मंडळी तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत आणि चपाती तर केनियात घरोघरी, त्याच नावाने. लॉजला दोन दिवस आधी कळवा. खाकरे-चिवडा न्या, पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नको: केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. डब्यांत भरा.

थंडी असते का?

हो. एनगोरोंगोरोची कडा २,३०० मीटरवर आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पहाटेच्या उघड्या गाडीत माऱ्यातही हुडहुडी भरते. स्वेटर, टोपी, वारा अडवणारं जाकीट घ्या. निळे-काळे कपडे टाळा, त्सेत्से माश्या त्या रंगांकडे धावतात.

मेमध्येच जायचंय. क्रूगर कसं?

चांगलं. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा कोरडा हिवाळा सुरू होतो. गवत वाळतं आणि प्राणी पाणवठ्यांवर येतात. डांबरी रस्ते आहेत, गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे स्वतः चालवता येते. वेगमर्यादा ५० किलोमीटर आणि सूर्यास्तापूर्वी कॅम्पच्या आत. मारा-सेरेंगेटीचे अफाट माळ मात्र तिथे नाहीत, झाडोरा जास्त.

शेवटी दोन दिवस झांझिबार जोडावं का?

अकरा-बारा दिवस असतील तर जरूर. नऊत नाही. समुद्र कोकणातही आहे.

ठरलं. आता आधी काय बुक करायचं?

आधी माऱ्यातला किंवा सेरेंगेटीतला कॅम्प, मग आतलं विमान, मग मुंबईचं तिकीट. लोक उलटं करतात आणि स्वस्त तिकिटाच्या तारखांना कॅम्प मिळत नाही. केनियासाठी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी लागते, टांझानियासाठी ई-व्हिसा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. केनियाहून परतताना प्रमाणपत्र नसेल तर इथे विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी आणि नऊ महिन्यांखालच्या बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा; हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.